बिशप आणि आचार्य : विल्यम लॅश यांच्या चरित्राविषयी

मुंबईचे अँग्लिकन बिशप विल्यम क्विनलन लॅश यांचे कार्य केवळ १९४७ ते १९६१ या बिशपपदाच्या कालखंडावरून मोजणे अपुरे ठरेल. तत्पूर्वी, १९३४ मध्ये, ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाचे ‘आचार्य’ झाले होते; बिशप झाल्यावरही तो संबंध तुटला नाही.

या दोन पदनामांतील भेद अर्थपूर्ण आहे. ‘बिशप’ हा शब्द मूळच्या ग्रीक ‘एपिस्कोपोस’पासून आलेला, त्याचा अर्थ ‘वरून पाहणारा’. संस्कृत ‘अध्यक्ष’ या शब्दाची घडणही तशीच आहे. ‘आचार्य’ मात्र, यास्काच्या निरुक्तीप्रमाणे, आचार ग्रहण करविणारा. एकाचा अधिकार देखरेखीचा, दुसऱ्याचा स्वतःच्या आचरणाचा.

येथे अणदूरच्या खंडोबाचे स्मरण होते. वर्षाचा बहुतेक काळ देव अणदुरास, उरलेला नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास असतो. स्थाने दोन, दैवत एकच. लॅश यांच्या दोन पदांचे ऐक्य इतके सहज मानता येत नाही. बिशपपद हा इंग्रजी राजवटीत रुजलेल्या व्यवस्थेचा वारसा होता, तर आश्रमजीवन ही तिच्यावरील मूक टीकाच होती. सत्तांतराच्याच वर्षी आश्रमाचा आचार्य बिशप झाला, यातील ताण ज्या चरित्रात उमटत नाही, ते नेमणुकांची नोंदच ठरेल.