सूर्याकडे निघालेली

डबीबंद अमेरिकन सिल्व्हर ईगल नाणं हाती आलं की बहुतेकांची नजर आधी लेबलवरच्या प्रतवारीच्या आकड्यावर जाते: ६९ की ७०? माझी जाते नाण्यावरच्या देवतेच्या पावलांकडे. डावीकडे, खाली क्षितिजावर सूर्य उगवतो आहे आणि स्वातंत्र्यदेवता उजवा हात पुढे करून त्याच्याकडे निघाली आहे. डाव्या हातात लॉरेल आणि ओकच्या फांद्या. चालण्याच्या वेगाने वस्त्र पायांना बिलगलंय, आतल्या गुडघ्याचा गोलवा दाखवतंय. पाठीमागे मात्र ताऱ्यांचा ध्वज वाऱ्याने फुगलाय. नाण्यांवरच्या देवता एरवी बसलेल्या असतात, किंवा नुसता चेहरा असतो. हिच्या चालीतला डौल धातूत पकडलाय, हे मला फार मोठं वाटतं.

ॲडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने हे चित्र १९१६ साली अर्ध्या डॉलरसाठी घडवलं. ते नाणं ३०.६ मिलिमीटर व्यासाचं, ९० टक्के चांदीचं. एवढ्याशा जागेत सगळा उठाव उतरत नसे. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यावरही देवतेचं डोकं आणि फांद्या धरलेला हात पुष्कळदा सपाट दिसे. १९४७ नंतर ते नाणं बंद झालं. १९८६ मध्ये हेच चित्र एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम वजनाच्या, ९९.९ टक्के शुद्ध चांदीच्या नाण्यावर परत आलं. व्यास ४०.६ मिलिमीटर, म्हणजे जागा जवळजवळ पावणेदोन पट. वस्त्राच्या चुण्या इथे एकेक मोजता येतात. वाइनमनच्या कल्पनेला साजेसं अंगण तिला सत्तर वर्षांनी मिळालं.

शुद्ध चांदी मऊ. थैलीत दुसऱ्या नाण्याशी नुसती घसट झाली तरी देवतेच्या मांडीवर किंवा मोकळ्या पार्श्वभूमीवर चरा उठतो आणि नजर तिथेच अडखळते. प्रतवारीचं मोल मला इथे कळतं. १ ते ७० ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पीसीजीएस आणि एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या संस्थांनी १९८०च्या दशकात तिला सीलबंद डबीची जोड दिली. ७० म्हणजे पाचपट मोठं करून पाहिलं तरी टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा एकही दोष नाही. ६९ आणि ७० मधला फरक नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतो. किमतीत मात्र तो ठळक असतो. चित्रावर प्रेम असेल तर स्वच्छ ६९ घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘फर्स्ट स्ट्राइक’ छापाच्या लेबलांना तर जादा पैसे देऊच नयेत. ती लेबलं नाणं बाजारात आल्यावर किती लवकर तपासणीला पोहोचलं एवढंच सांगतात, साच्यातून ते कितवं निघालं हे सांगत नाहीत.

डबीची एक मर्यादा सोसावी लागते. चांदीवर पुढे कधीतरी पांढुरके दुधी डाग उमटतात, सीलबंद ७० वरही, आणि पीसीजीएसची हमी त्यांना लागू नाही. म्हणून निदान वर्षातून एकदा तिरप्या उजेडात प्रत्येक नाणं फिरवून बघावं. त्याच उजेडात सूर्याचे किरणही सर्वांत छान उठून दिसतात.

नाण्याच्या मागच्या बाजूबद्दल माझी तक्रार होती. जॉन मर्कांटी यांचा ढालधारी गरुड रेखीव आहे, रुबाबदार आहे, पण जागचा हलत नाही. समोर इतकी चालती देवता आणि पाठीला राजमुद्रा! २०२१ च्या मध्यावर ती बाजू बदलली. एमिली डॅमस्ट्रा यांचा गरुड पंख पसरून, नखांत ओकची फांदी घेऊन उतरतो आहे, जणू घरट्यात भर घालायला. त्या एकाच वर्षाची दोन्ही रूपं मिळतात. ती जोडीने घ्यावीत. मर्कांटींच्या गरुडाचे चाहते पुष्कळ आहेत. माझा कौल डॅमस्ट्रांना: देवतेच्या हातातला ओक आता नाण्याच्या दोन्ही बाजूंना आहे.