कोंब फुटला, पुढे काय?

मराठीत झाडांविषयीची मुलांची पुस्तकं काढून बसलं, की एक चित्र हमखास भेटतं: मातीत बी, वर ढग आणि शेवटी दोन गुबगुबीत पानं. मृगाचा पाऊस झाल्यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरउतारांवर मात्र मका आणि ज्वारी वर येतात त्या एकाच, सुरळी केलेल्या टोकदार पानानं. दाणा मातीखालीच राहतो. घेवड्यामुगाचं चित्र सगळ्या वनस्पतींच्या नावावर खपवलं, की ज्या मुलाच्या घरी रोज मक्याज्वारीची भाकरी होते त्याला त्याच्या पिकाबद्दल पुस्तकात काहीच सापडत नाही.

पुस्तकांचा दुष्काळ आता पूर्वीइतका नाही. 1967मध्ये बालभारती आली, 1971मध्ये ‘किशोर’ मासिक निघालं. 2004पासून प्रथम बुक्सनं स्वस्त चित्रपुस्तकं काढली आणि 2015मध्ये स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ती फुकट वाचायला ठेवली. ज्याँ जिओनोची झाडं लावणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणली.

अडचण आहे ती आशयाची. बहुतेक पुस्तकं दोनच वाटांनी जातात. एक प्रयोगाची: ओल्या कापसात मूग ठेवा. दुसरी उपदेशाची: झाडे लावा. दोन्हीकडे गोष्ट लवकर आटोपते. रोप लावलं, पाणी घातलं, टाळ्या वाजल्या. कणीस, मळणी, कीड, साठवण, पुढच्या वर्षीचं बियाणं यांच्यापर्यंत ती पोचतच नाही.

रूथ क्राऊस यांचं गाजराच्या बीवरचं 1945चं इंग्रजी पुस्तकही गाजर उगवल्यावर थांबतं. एरिक कार्ल यांनी 1970मध्ये आणलेली इवल्या बीची गोष्ट अधिक धीट आहे. तिच्यात एक बी उन्हात जळतं, एक पक्षी खातो, एक रोप पायाखाली जातं. जे तगतं, त्याची बीजं पुन्हा वाऱ्यावर निघतात. लहान मुलांना मरण सोसत नाही, ही समजूत तिथे गळून पडते.

अशा गोष्टीला धडगाव तालुक्यात सामग्रीची ददात नाही. हरणखुरी, चोंदवाडे भागात बायफ या संस्थेच्या मदतीनं गावकऱ्यांनी मक्याज्वारीच्या गावरान वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या. खाण्याआधी चांगली कणसं बाजूला काढायची, ती जपायची, हा निवडीचा भाग म्हणजे शेतीतलं मोठं विज्ञान. पण तो चित्रपुस्तकात क्वचितच येतो. महूचंही तसंच. पानं झडलेल्या झाडावर फुलं येतात, रात्री वटवाघळं येऊन जातात आणि पहाटे खाली पडलेली फुलं टोपलीत जमा होतात. उन्हाळ्यात गावठी कैऱ्या सोलून, चिरून आमचुरासाठी वाळत घातल्या जातात. अवकाळी सर आली, की फोडी काळवंडून भाव पडतो.

धडगावजवळून वाहणाऱ्या नर्मदेच्याच वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधान गोंड परंपरेत वाढलेले भज्जू श्याम, तसंच दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांच्या झाडांच्या चित्रांचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सनं 2006मध्ये काढलं. काळ्या कागदावर हातानं छापलेलं ते पुस्तक देखणं आहे, पण त्याचा विषय झाडांच्या कथा, वाढ नव्हे. इकडे धडगाव भागात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी पावरी आणि भिलोरी बोलींना वर्गात जागा दिली. एका मृगापासून पुढच्या मृगापर्यंत मक्याच्या एका कणसामागे जाणारं, पानावर पावरी आणि मराठी शेजारी ठेवणारं पुस्तक आता निघायला हवं. त्याचा तपशील बियाणे राखणाऱ्या बायांकडूनच घ्यावा लागेल आणि मानधनात त्यांचाही वाटा धरावा लागेल.