उःशापाविना शाप : ‘क्षुधित पाषाण’ आणि भुताच्या प्रेमकथेतील नैतिक प्रश्न

शापित वास्तू, तीत अडकलेला स्त्रीचा अतृप्त आत्मा आणि त्याच्या ओढीने झपाटलेला परका पुरुष, या त्रयीवर उभ्या राहणाऱ्या कथा रंजनपर म्हणून बाजूला सारण्याचा समीक्षेत प्रघात आहे. भय आणि शृंगार यांचे मिश्रण एवढेच त्यांचे स्वरूप मानले, तर ही उपेक्षा समर्थनीयही ठरेल. परंतु या कथाप्रकाराच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न असतो : घडून गेलेल्या अन्यायाचे उत्तरदायित्व कोणाचे? शाप, सूड आणि प्रेम ही या प्रश्नाची तीन उत्तरे होत, आणि ती बहुधा परस्परविरोधी असतात. रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) ही कथा हा विरोध मिटवण्याचे नाकारते. तिचे महत्त्व या नकारात आहे.

शापाचे कार्य काय, हे कालिदासाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. तेथील राजा शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने शाप आणि मुद्रिका यांची योजना केली आणि राजाच्या नाकारण्याचे रूपांतर विस्मरणात झाले. अपराध उरला नाही, केवळ दुर्दैव उरले. शापासोबत उःशापही आल्यामुळे त्या दुर्दैवाचा शेवटही निश्चित झाला. मम्मटाने विप्रलंभाच्या पाच हेतूंमध्ये शापाची गणना केली आहे, ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : शापजन्य विरहात प्रेमिकांपैकी कोणालाही एकमेकांपुढे आरोपी म्हणून उभे राहावे लागत नाही. सूडाने पेटलेला आत्मा नेमके याच्या उलट करतो. शाप विसरायला लावतो, तर भूत विसरू देत नाही. म्हणूनच शाप आणि भूत एकाच कथेत आले, की त्या कथेला दोहोंपैकी एकाची बाजू घ्यावी लागते.

‘क्षुधित पाषाण’मधील शाप कोणा ऋषीच्या मुखातून आलेला नाही. दुसऱ्या शाह महमूदने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या विलासमहालात ज्या वासना पेटल्या आणि ज्या हृदयांची होरपळ झाली, त्यांच्याच शापाने तेथील दगड भुकेले झाले आहेत, असा खुलासा करीमखान हा वृद्ध कारकून करतो. सूडाचा कर्ता अशा रीतीने एक व्यक्ती राहत नाही. संपूर्ण वास्तू सूडाचे अधिष्ठान बनते. दगडांना जिवंत माणूस हवा असतो, मग तो अपराधी असो वा नसो. मूळ भोगी केव्हाच नाहीसे झाले आहेत. ऋण मात्र वास्तूवर आहे, आणि तिथे राहायला येणाऱ्याकडून ते वसूल होते.

राहायला येणारा हा गृहस्थ निजामाच्या राज्यात बरीच येथे कापसावरील महसूल गोळा करणारा अधिकारी आहे. दिवसा तो हिशेब पाहतो. सायंकाळ झाली की साहेबी पोशाख उतरवून जुन्या काळातील उमरावाची वस्त्रे चढवतो आणि अदृश्य सुंदरीच्या भेटीची सिद्धता करतो. या वेषांतराकडे वातावरणनिर्मितीचे साधन म्हणून पाहणे अपुरे आहे. ती स्त्री सुटकेची याचना करते, आणि तिचा त्राता होऊ पाहणारा तिला बंदिवान करणाऱ्यांच्याच वेषात तिच्यापुढे येतो. तिच्या दुःखाविषयीची त्याची कणव आणि तिच्या सौंदर्याचा त्याला चढलेला कैफ यांत अंतर राहत नाही. प्रेम येथे अन्यायाचे परिमार्जन करीत नाही. ते त्या अन्यायाच्याच रंगमंचावर उभे असते.

सुटकेचा एक मार्ग आहे, पण तो अत्यंत दुष्कर आहे, असे करीमखान सांगतो. त्यासाठी एका इराणी दासीचा पूर्ववृत्तांत ऐकायला हवा. तो वृत्तांत सुरू होण्याच्या क्षणीच स्थानकात गाडी येते, कथा सांगणारा प्रवासी एका इंग्रजाच्या डब्यात चढतो आणि उःशाप अनुच्चारित राहतो. मागे राहिलेला निवेदक आणि त्याचा थिऑसफिस्ट नातलग यांच्यात ही कथा खरी की बनावट यावरून वाद होतो आणि त्यांचे संबंध कायमचे तुटतात. हा शेवट म्हणजे निव्वळ चातुर्याची क्लृप्ती, असा आक्षेप घेता येईल. परंतु वाद कशावर होतो हे पाहिले, की त्याची धार जाणवते. भूत खरे का, यावर दोन सुशिक्षित पुरुष भांडतात. त्या दासीचे काय झाले, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

या कथेचे बीज अहमदाबादच्या शाहीबागेतील महालात रुजले. १८७८ साली तेथे न्यायाधीश असलेल्या सत्येंद्रनाथांकडे किशोरवयीन रवींद्रनाथ राहिले होते. शाहजादा खुर्रमच्या काळातील या प्रासादात तेव्हा ब्रिटिश राजवटीच्या अधिकाऱ्याचे निवासस्थान होते. एका सत्तेच्या विलासगृहात दुसऱ्या सत्तेचा सेवक राहतो, हा विरोधाभास कथेत जसाच्या तसा उतरला आहे.

हिंदी चित्रपटाने या प्रश्नाला निराळी उत्तरे दिली. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) मृत स्त्री अपराध्याकडून कबुली वदवते आणि पोलीस त्याला ताब्यात घेतात, सूड येथे कायद्याच्या हाती सोपवला जातो. रवींद्रनाथांच्या कथेचा आधार सैलपणे घेणारा गुलजार यांचा ‘लेकिन’ (१९९१) आणखी वेगळ्या दिशेने जातो. लता मंगेशकर निर्मात्या आणि हृदयनाथ मंगेशकर संगीतकार असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला तो विशेष जवळचा वाटला. त्यातील नायकही नोंदवहीचाच माणूस आहे : संस्थानी हवेलीतील वस्तूंची मोजदाद करायला आलेला सरकारी अधिकारी. वाळवंट ओलांडताना जिचा काळ थांबला, त्या रेवाला पैलतीर गाठून देणे हे त्याचे कार्य ठरते. चित्रपटाची करुणा खरी आहे आणि त्याचे संगीत ती पेलून धरते. तरीही रेवाला मिळते ती मुक्ती, न्याय नव्हे. संस्थानाच्या वस्तू सरकारी यादीत चढतात, तिच्यावरील अन्याय मात्र अध्यात्माच्या खाती जमा होतो. कालिदासाचा उःशाप येथे प्रेमिकाच्या रूपाने परत येतो.

प्रेमाने आत्मा मुक्त होतो, हे या कथाप्रकाराचे सर्वांत लोकप्रिय आश्वासन आहे, आणि त्यातूनच वाचकाचीही सुटका होते : नायकासोबत तोही ऋणमुक्त झाल्याचे समाधान घेऊन उठतो. रवींद्रनाथ हे समाधान देत नाहीत. महालाभोवती फिरत सारे मिथ्या असल्याचे ओरडणारा वेडा मेहेर अली हा तेथून जिवंत बाहेर पडलेला माणूस आहे, पण त्यालाही महालापासून दूर जाता येत नाही. दासीचा वृत्तांत पूर्ण ऐकल्याखेरीज कोणीही सुटणार नाही, आणि तो ऐकून घेण्याइतका वेळ गाडीची वाट पाहणाऱ्यांपाशी नाही.