पंख्याचे विमान मागासलेले कसे?

नाशिककरांना विमान नवे नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला आणि मिग-२१ चा आवाज या भागाच्या ओळखीचा झाला. त्यामुळेच की काय, प्रवासी विमानाला बाहेर फिरणारा पंखा दिसला की आपण त्याला जुनाट ठरवतो. हे मत आम्हांला तपासून पाहावेसे वाटते.

पहिली चूक शास्त्राची आहे. जुन्या डाकोटाचे पंखे पिस्टनच्या इंजिनावर फिरत. १९६१ साली कानपूरहून प्रथम उडालेल्या अ‍ॅव्रोचे आणि आजच्या एटीआर-७२ चे पंखे मात्र वायूच्या टर्बाइनवर फिरतात. म्हणजे गाभा जेट इंजिनासारखाच. फरक आहे तो हवा मागे ढकलण्याच्या रीतीत. फळ्यावर एक उदाहरण मांडून पाहा. दर सेकंदाला १०० किलो स्थिर हवेला सेकंदाला १० मीटर वेग दिला, किंवा १० किलो हवेला १०० मीटर वेग दिला, तर संवेग सारखाच, म्हणून रेटाही सारखाच. पण हवेत वाया गेलेली गतिज ऊर्जा पहिल्या रीतीत ५,००० ज्यूल, तर दुसऱ्या रीतीत ५०,००० ज्यूल! पुष्कळ हवा हळू ढकलण्यात काटकसर आहे. पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोचली की ही काटकसर संपते. म्हणून वेगाच्या, लांबच्या प्रवासाला जेट हवे.

दुसरी चूक अंतराची. ओझर ते नागपूर हवाई अंतर सुमारे ५५० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरने ६६ मिनिटे, ताशी ८०० ने ४१ मिनिटे. वाचली २५ मिनिटे, आणि चढण्या-उतरण्यात त्यांतलीही काही जातात.

तथापि, पंख्याची बाजू घेताना मार्गाची चूक झाकता कामा नये. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनने लहान बीचक्राफ्ट विमानाने नाशिक मुंबई-पुण्याशी जोडले. मुंबईचे हवाई अंतर जेमतेम १६० किलोमीटर. पण ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर दूर, तासभर आधी हजेरी, शिवाय मुंबईतली वाहनांची गर्दी. एवढे जमेस धरल्यावर रस्त्यापेक्षा किती वेळ वाचणार? ती सेवा अनियमित झाली व पुढे बंद पडली. कारणे आणखीही असतील, पण एवढ्या जवळच्या मार्गावर विमानाचा फायदा मुळातच थोडा होता. याउलट मार्च २०२३ मध्ये इंडिगोने एटीआर विमानांनी नागपूर, गोवा, अहमदाबाद हे मार्ग सुरू केले. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाल्यावरही नागपूरला रस्त्याने सात-आठ तास लागतातच. पंख्याचे विमान शोभते ते अशा अंतरावर.

उडानमधली तूट अखेर लोकांच्याच पैशातून भरली जाते. म्हणून 'विमान कोणते?' यापेक्षा 'घरापासून मुक्कामापर्यंत किती वेळ?' हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. नकाशा, वेळापत्रक आणि पट्टी घेऊन हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावे.