उत्तर बरोबर, पण रीत?

बारावीच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न हमखास भेटतो : 'फेरस आयनातील अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या काढा.' उत्तर चार. मुले ते लिहितात आणि गुण मिळवतात. आमची तक्रार या प्रश्नाविषयीच आहे.

लोहाच्या अणूत ३डी मध्ये सहा आणि ४एस मध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. आयन होताना आधी ४एस मधले दोन जातात. उरलेले सहा पाच कक्षकांत बसवले की एक जोडी जमते व चार एकटे राहतात. आता समजा, एखाद्या मुलीने चुकून ३डी मधलेच दोन काढले. तेथे चार उरले, चारही एकटे. ४एस मधली जोडी तशीच. उत्तर पुन्हा चार! चूक सापडली तर नाहीच, उलट तिला पूर्ण गुण मिळाले. क्रोमस आयनाचीही हीच गत. (करून पाहा, क्रोमियमच्या ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो.) त्याऐवजी द्विभारित मँगनीज विचारावे. योग्य रीतीने पाच येतात, चुकीच्या रीतीने तीन.

हा दोष एवढ्याने दूर होईल. दुसरा अधिक खोल आहे. प्रश्नातला आयन एकटा असतो. बाटलीतला कधीच नसतो. हिराकशीत फेरस आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, तर पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये सहा सायनाइड. या शेजाऱ्यांमुळे पाच डी-कक्षकांचे दोन गट पडतात : खालच्या ऊर्जेचे तीन, वरच्या ऊर्जेचे दोन. पाण्यामुळे पडणारे अंतर लहान, म्हणून इलेक्ट्रॉन पसरून बसतात व चार एकटे राहतात. सायनाइडमुळे ते मोठे होते. सहाही इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षकांत जोड्या करतात. एकटा कोणीच उरत नाही. आयन तोच, उत्तरे दोन.

खरे-खोटे चुंबकाला विचारता येते. दोन हलक्या नळ्यांत हे दोन क्षार भरून दोऱ्याने टांगावेत व निओडायमियमचा जोरकस चुंबक जवळ न्यावा. हिराकशीची नळी किंचित ओढली जाते, दुसरी जात नाही. (फेरोसायनाइडवर आम्ल मात्र पडू देऊ नये.) प्रयोगशाळेतला गुई तराजू हेच ओढणे वजनातील फरकाने मोजतो. १९३६ मध्ये पाउलिंग आणि कोरिएल यांनी चुंबकीय मापनानेच दाखवले, की ऑक्सिजन धरताच हिमोग्लोबिनमधील लोहाचे एकटे इलेक्ट्रॉन नाहीसे होतात.

वर्गात मात्र गाडी उलटी चालते. एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या न धरून न(न+२) चे वर्गमूळ काढायचे आणि येईल तेच आयनाचे चुंबकीय आघूर्ण म्हणायचे. द्विभारित कोबाल्टसाठी सूत्र ३.८७ बोर मॅग्नेटॉन देते. त्याच्या तीन एकटे इलेक्ट्रॉन असलेल्या संयुगांत मोजमाप साधारण ४.३ ते ५.२ भरते, कारण इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीचाही त्यात वाटा असतो. सूत्र फक्त फिरकीचा हिशेब ठेवते.

पुढच्या चाचणीत प्रश्न असा विचारून पाहावा : 'दोन फेरस संयुगांपैकी एक चुंबकाकडे ओढले जाते, दुसरे नाही. दोन्हींतील इलेक्ट्रॉनांची मांडणी काढा व कारण सांगा.' तपासायला वेळ अधिक लागेल, हे आम्हाला मान्य आहे.