पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने शिक्षकांच्या ऑनलाइन समूहांवर काय बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण एकाच कामातली माणसं एकमेकांना शहाणं कसं करतात, हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, त्याला नावही आहे: तद्विद्यसंभाषा. म्हणजे एकाच विद्येच्या लोकांनी आपसात केलेलं संभाषण. वैद्याने वैद्याशी बोलावं. त्याने ज्ञान वाढतं, शंका फिटतात. चरक त्याचे दोन प्रकार सांगतो. एक संधाय, म्हणजे सलोख्याचं. दुसरं विगृह्य, म्हणजे जिंकण्यासाठी केलेलं. सलोख्याच्या बोलण्याची अटही तो घालतो. मोकळेपणी विचारा, हरण्याची भीती बाळगू नका, दुसरा अडला तर हुरळून जाऊ नका.

ही अट आपण आजच्या समूहांना लावून पाहू.

आधी चांगलं ते सांगतो. एटापल्ली, भामरागड, जिवती या तालुक्यांत दोन शिक्षकी शाळा किती आहेत, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे. सहकारी रजेवर गेला की गुरुजी एकटे. पूर्वी एखादी अडचण विचारायची तर केंद्राच्या शिक्षण परिषदेची वाट बघावी लागे. ‘अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारखे समूह उभे राहिले, 2017 साली ‘दीक्षा’ आलं, आणि एकटेपणाची ती भिंत थोडी खचली. हे काम मी लहान मानत नाही.

पण एका शिक्षकाने मला आपला मोबाईल दाखवला. आठ-दहा समूह. शेकडो पीडीएफ, चाचण्या, व्हिडिओ, शुभेच्छा, अभिनंदन आणि मधेमधे ‘आज पाचपर्यंत माहिती भरा’. मी विचारलं, ‘यातलं वर्गात किती वापरलंत?’ तो हसला. मग विचारलं, ‘माझ्या वर्गात हे जमलं नाही, असं कुणी लिहिलंय का?’ तो बराच वेळ स्क्रीन वर सरकवत राहिला. सापडलं नाही.

मला वाटतं, चरकाच्या दोन प्रकारांत आपण तिसऱ्याची भर घातली आहे. इथे कुणी भांडत नाही आणि कुणी बोलतही नाही, फक्त पाठवतात. फाइल पाठवता येते, जाण पाठवता येत नाही. कोणत्या मुलाला, कोणत्या क्षणी, काय द्यायचं, ही शिक्षकाची खरी विद्या. ती प्रश्नोत्तरांतून वाढते. आणि ज्या समूहात अधिकारीही आहेत, तिथे ‘मला जमत नाही’ असं लिहायला कोण धजेल? हरण्याची भीती असली की संभाषा संपते, मग उरतो फोटो.

रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सगळ्यांना आठवतो तो पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. पण परितेवाडीच्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात म्हणून हे शिक्षक आधी कन्नड शिकले, हे कितीजणांना आठवतं? कोड सगळीकडे पोचला, कारण तो छापता येतो. मुलांची भाषा शिकण्याची ती धडपड छापता येत नाही.

आपल्याकडे नेमकी तीच धडपड हवी आहे. गडचिरोलीत कुठे माडिया, कुठे गोंडी; सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. घराला गोंडीत ‘रोन’, माडियात ‘लोन’. ‘लोन’ ऐकून बाहेरून आलेल्या गुरुजींना बँक आठवते, पोराला आपलं घर. पुण्यात तयार झालेली सुंदर पीडीएफ या पोराला कशी बोलतं करणार? पहिलीचं मूल सहा महिने गप्प बसलं, तर आपण त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. एका पोराचं सगळं शिक्षण इथे पणाला लागलेलं असतं.

आणि उलटा प्रवाह बघा. पुण्याची फाइल भामरागडला येते. पण भामरागडच्या बाईंनी पाच वर्षांत माडिया शब्द जोडत-जोडत पहिली कशी उभी केली, हे पुण्याला जात नाही. त्यांच्या शेजारच्या शाळेलाही ते कळत नाही. बाईंची बदली झाली की ते सगळं त्यांच्याबरोबर जातं. मग नवे गुरुजी पुन्हा ‘लोन’पासून सुरुवात करतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे, तेच आपल्या समूहांत नुसते घेणारे ठरलेत.

यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. तीन साध्या गोष्टी सुचवतो. समूह लहान ठेवा. एका भाषेच्या पट्ट्यातले दहा-बारा शिक्षक पुरेत. त्यात अधिकारी नकोत. आदेशांसाठी वेगळी जागा आहेच. आणि जे आपण वर्गात करून पाहिलं नाही, ते पुढे ढकलू नका. करून पाहिलं असेल तर कुठे फसलं, तेवढी एक ओळ सोबत लिहा. रेंज नसेल तर वहीत लिहा, बाजाराच्या दिवशी पाठवा. पाच वर्षांनी बदली होईल, तेव्हा ती वही नव्या माणसाच्या हातात द्या.

घरी जाऊन आज एक करा. आपल्या समूहावर काहीही पाठवू नका. एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर येत नाही. मग कोण बोलतं ते बघा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.