‘सेट’ या क्रियापदाची अर्थसंख्या

इंग्रजीतील सर्वाधिक अर्थांचा शब्द कोणता, या प्रश्नास दीर्घकाळ ‘सेट’ हे उत्तर देण्यात येत असे. त्यास आधार होता तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाच्या विवरणाने सुमारे ६०,००० शब्द व्यापले असून नुसत्या क्रियापदाचे ४३० आणि वाक्प्रचारांसह सुमारे ५८० अर्थ त्यात वेगळे काढलेले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी सुरू झाली आणि हा मान २००० मध्ये ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे व २०११ मध्ये ६४५ अर्थांच्या ‘रन’कडे गेला. ही फेरतपासणी ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या क्रमाचे रहस्य उलगडते. विक्रम वर्णानुक्रमाने पुढे सरकत होता! त्या अकरा वर्षांत इंग्रजी भाषेत काही उलथापालथ झाली नाही; जे घडले ते संपादकांच्या मेजावर घडले.

तरीही आमचे विद्यार्थी, आणि क्वचित अध्यापकही, हा आकडा शब्दाचा अंगभूत गुण असल्याप्रमाणे उद्धृत करतात. तो वस्तुतः कशाची मोजदाद करतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

कोशकारांचे श्रम उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. पहिल्या आवृत्तीत ही नोंद हेन्री ब्रॅडली यांच्या संपादनाखाली सिद्ध झाली. तीत १५४ मुख्य विभाग असून शेवटच्या ‘सेट अप’ला पोटभेदांसाठी सबंध वर्णमाला पुरली नाही, अक्षरे पुन्हा दुहेरी वापरावी लागली. ऐतिहासिक कोशाला प्रत्येक प्रयोगाचा प्रथम आढळ दाखवावयाचा असतो, म्हणून तो प्रयोग वेगळे काढतो. मात्र प्रयोग वेगळा म्हणजे अर्थ वेगळा, असे होत नाही. मेज, घड्याळ, सापळा, प्रश्नपत्रिका, अंगठीतील खडा, मोडलेले हाड या सर्वांना इंग्रजीत ‘सेट’ लागते. येथील भेद बव्हंशी कर्मपदाने पुरविलेला आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात संयोग, साहचर्य, प्रकरण इत्यादी अर्थनिर्णयाची साधने सांगितली, तेव्हा त्याच्यासमोर हाच प्रश्न होता.

मराठी वाचकास हे एरवीही परके वाटू नये. आपण अंगठीत खडा बसवतो, हाड बसवतो, गणपती बसवतो आणि नाटकही बसवतो. ‘त्याने खडा आणि नाटक बसवले’ असे कोणी म्हटल्यास हसू येईल, म्हणजे भेद आहे; पण तो चार स्वतंत्र अर्थांचा आहे, असे म्हणण्यास मन धजत नाही.

‘बसवणे’ आणि ‘सेट’ यांचे साम्य केवळ योगायोगाचे नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘सेत्तन्’ हे ‘सित्तन्’ (बसणे) या धातूचे प्रयोजक रूप आहे. संस्कृतात सद् धातूपासून ‘सादयति’ होते, तेच नाते. ‘बसणे’ हे उप+विश् पासून आलेले, म्हणजे धातू निराळा. पण घडण एकच. फरक पडतो तो पुढे. मराठीत प्रयोजक प्रत्यय आजही जिवंत आहे. हाड बसवले की ते बसते, नाटक बसवले की ते बसते. क्रिया एका रूपाने, तिचे फलित दुसऱ्या रूपाने व्यक्त होते. इंग्रजीत हा प्रत्यय केव्हाच मेला. ‘सिट’ आणि ‘सेट’ यांचे नाते आज सामान्य वक्त्याला जाणवत नाही, आणि हाड जुळून आले तर ते ‘सिट’ होत नाही, ‘सेट’च होते. फलिताचे कामही याच रूपावर पडले. सिमेंट घट्ट होणे, सूर्य मावळणे हे अकर्मक प्रयोग त्याच्याच वाट्याला आले. (प्राचीन इंग्रजीत सूर्य आपल्या ‘आसनाकडे’ जात असे.) म्हणजे ज्या ठिकाणी मराठीचा कोशकार दोन नोंदींत अर्थ वाटून देईल, तेथे इंग्रजीचा कोशकार ते सारे एकाच नोंदीखाली मोजतो. आकड्याचा फुगवटा काही अंशी तरी या रूपलोपाचा परिणाम आहे, असे माझे मत आहे.

याउलट, सारे प्रयोग ‘ठेवणे’ या एका मूलार्थात कोंबण्याचा मोहही तितकाच घातक. प्रवासास निघणे या अर्थाचे ‘सेट आउट’ आजच्या वक्त्याच्या मनात ‘ठेवणे’शी जोडलेले असते, असे सिद्ध करणे कठीण. आणि समूहवाचक नाम ‘सेट’ तर मुळात दुसऱ्या कुळातले: लॅटिन ‘सेक्ता’वरून जुन्या फ्रेंचमार्गे आलेले, नंतर क्रियापदाच्या संगतीने बदललेले. कोशात नामांच्या नोंदी स्वतंत्र आहेत; लोकप्रिय लेखनात मात्र ‘४३० अर्थ’ सांगून उदाहरण दिले जाते ते कपबशांच्या सेटचे.

मराठीने उचलला तो मुख्यतः हा नामशब्द: दागिन्यांचा सेट, टेनिसमधला सेट. चित्रपटाचा सेट क्रियापदाच्या कुळातला असूनही नाम म्हणूनच आला, आणि खुद्द क्रियापदाला ‘करणे’ वा ‘होणे’ यांचा आधार घेतल्यावाचून आपल्याकडे पाऊल ठेवता आले नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्वाधिक असणारी ‘सेट’, म्हणजे अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, ही तर नुसती आद्याक्षरे आहेत. तिची गणना कोणत्याही कोशकाराने या नोंदीत केलेली नाही.